उद्यानातल्या हवेलीला भाडेकरू हवा

१८४४ साली फिलाडेल्फिया शहराने स्कूलकिल नदीच्या काठावरची लेमन हिल नावाची ४५ एकरांची मालमत्ता ७५,००० डॉलरना विकत घेतली. नदीचं पाणी उचलून शहराला पुरवणारं केंद्र तिथून जवळच, फेअरमाउंटच्या टेकडीच्या पायथ्याशी होतं. वरच्या अंगाला कारखाने उभे राहिले तर त्यांची घाण पिण्याच्या पाण्यात उतरेल, या धास्तीने ही खरेदी झाली. जमिनीबरोबर एक देखणी हवेलीही शहराच्या पदरात पडली, पण खरेदीमागच्या कारणांत तिला जागा नव्हती. पुढच्या पंचवीसएक वर्षांत नदीच्या दोन्ही काठांवरच्या जमिनी याच हेतूने एकामागून एक घेतल्या गेल्या आणि प्रत्येक जमिनीबरोबर एखादं जुनं घर येत गेलं. आज दोन हजार एकरांहून मोठ्या असलेल्या फेअरमाउंट पार्कमध्ये अशी डझनभर घरं उभी आहेत. त्यामुळे शहराच्या बागेतली जुनी, डागडुजी करून सजवलेली वास्तू पालिकेने भाडेपट्ट्याने द्यावी का, हा प्रश्न तपासायला याहून चांगलं ठिकाण सापडणं कठीण. इथे मालक एकच आहे, उद्यान एकच आहे, घरं साधारण एकाच काळातली आहेत. ज्याला जसा रहिवासी मिळाला तसं त्याचं नशीब घडलं, आणि हा सगळा व्यवहार पावणेदोनशे वर्षांचा आहे.

या प्रश्नावर दोन टोकाची मतं हमखास ऐकू येतात. बाग सगळ्यांची असताना तिच्यातला सगळ्यात सुंदर तुकडा एका संस्थेच्या किंवा व्यावसायिकाच्या हाती देणं म्हणजे लोकांच्या मालमत्तेची विल्हेवाट लावणं, हे एक मत. पालिकेला इमारती सांभाळता येत नाहीत, तेव्हा ज्याला परवडेल त्याला द्या आणि मोकळे व्हा, हे दुसरं. फेअरमाउंटचा इतिहास मला या दोन्ही मतांच्या विरोधात जाताना दिसतो. सार्वजनिक मालकीने यातलं एकही घर आपोआप वाचलं नाही. जी वाचली ती कोणीतरी आत राहत होतं, काम करत होतं, रोज दार उघडत होतं म्हणून. पण भाडेकरू मिळाला एवढ्यानेही भागलं नाही. छपराचा खर्च कोणी करायचा, दार किती वेळा आणि कोणासाठी उघडायचं, करार किती वर्षांचा, या तीन गोष्टींवर घराचं भलंबुरं ठरत आलं आहे. भाडेपट्टा हा सार्वजनिक मालकीचा पराभव आहे असं मानायचं कारण नाही. नीट लिहिलेला भाडेपट्टा हेच त्या मालकीचं खरं काम आहे.

ही घरं मुळात बांधली गेली ती शहरापासून पळण्यासाठी. अठराव्या शतकातलं फिलाडेल्फिया उन्हाळ्यात कोंदट, दुर्गंधीने भरलेलं आणि रोगट असे. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत सुमारे पाच हजार माणसं दगावली, म्हणजे शहराच्या वस्तीतला दहावा हिस्सा. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी नदीकाठच्या उंच कड्यांवर, वारा खेळता राहील अशा जागी उन्हाळी घरं बांधली. माउंट प्लेझंट त्यांतलं सर्वांत थाटाचं. जॉन मॅक्फर्सन नावाच्या स्कॉटिश कप्तानाने शत्रूची जहाजं लुटण्याचा सरकारी परवाना घेऊन सप्तवार्षिक युद्धात संपत्ती कमावली आणि थॉमस नेव्हेल या सुताराच्या हातून १७६२ ते १७६५ या काळात हे घर उभं केलं. भिंती ओबडधोबड दगडाच्या, पण वरून गिलावा देऊन त्यावर रेघा अशा मारल्या आहेत की लांबून घडीव चिऱ्यांचं बांधकाम वाटावं. कोपरे मात्र लाल विटांचे. हा थाट उभा करणाऱ्या घरात गुलाम राबत होते, हे पुढे बराच काळ त्या घराच्या कहाणीतून गाळलं गेलं. १७७९ मध्ये जनरल बेनेडिक्ट अर्नोल्डने ते आपल्या नववधूसाठी विकत घेतलं. तिथे राहायला जाण्याआधीच तो इंग्रजांना फितूर झाला आणि मालमत्ता जप्त झाली.

लेमन हिलची गोष्ट पैशाच्या चढउताराची आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा आणि क्रांतियुद्धाचा खर्च उभा करणारा रॉबर्ट मॉरिस याने १७७० मध्ये ही टेकडी घेतली. जमिनीच्या सट्ट्यात तो बुडाला आणि १७९८ पासून तीन वर्षं कर्जदारांच्या तुरुंगात राहिला. लिलावात जागा घेतली हेन्री प्रॅट या व्यापाऱ्याने, आणि आज दिसतं ते घर १८०० सालचं, त्याने बांधलेलं आहे. या घराची खरी करामत म्हणजे एकावर एक रचलेल्या तीन लंबगोल खोल्या. खोली लंबगोल म्हणजे भिंत वळणार. भिंत वळली की तिच्यातलं दारही वळणदार हवं आणि शेकोटीही. लाकडाचं दार एका बाजूला बाक देऊन घडवणं आणि ते चौकटीत अचूक बसवणं हे फार कौशल्याचं काम आहे. असं दार वर्षभर उघडझाप न होता राहिलं की हवेतल्या दमटपणाने फुगतं, घासतं, शेवटी अडकतं. कुलूपबंद वास्तू जपणं किती कठीण असतं ते या एका दारावरून कळतं. पानांनी तुंबलेलं पन्हाळं कोणाच्या नजरेला पडत नाही. तिथून पाणी भिंतीत मुरतं, चुन्याचा गिलावा सुटतो, तुळईचं टोक कुजतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी कोणी आत शिरतं तेव्हा शंभर डॉलरच्या दुरुस्तीचं काम लाखाचं होऊन बसलेलं असतं. आत माणूस असेल तर पहिल्याच पावसात छतावरचा डाग त्याला दिसतो.

ज्या रोगराईने ही उन्हाळी घरं बांधायला लावली, तिनेच ती पुढे सार्वजनिक मालकीची केली, हे मला या इतिहासातलं सगळ्यात लक्षात ठेवण्याजोगं सूत्र वाटतं. पीतज्वर दूषित पाण्यामुळे होतो असं त्या काळी अनेकांना वाटे. ती समजूत चुकीची होती, पण तिच्यामुळे शहराने स्वच्छ पाण्याची सोय केली. बेंजामिन लॅट्रोब या वास्तुविशारदाने आखलेली पहिली व्यवस्था १८०१ मध्ये चालू झाली, आणि ती अपुरी पडल्यावर फेअरमाउंटचं मोठं केंद्र १८१५ मध्ये उभं राहिलं. त्या केंद्राच्या रक्षणासाठी १८४४ ची खरेदी. १८५५ मध्ये लेमन हिल सार्वजनिक उद्यान म्हणून जाहीर झालं, आणि १८६७ च्या कायद्याने फेअरमाउंट पार्क कमिशन नेमलं गेलं. कायद्याने उद्यानाला दोन हेतू दिले: लोकांचं आरोग्य आणि आनंद, आणि पाण्याची शुद्धता. दोन्ही हेतू जमिनीचे आहेत, घरांचे नाहीत. हिरवळ, झाडं, रस्ते, नदीकाठ यांच्यासाठी उद्यानाकडे कारण होतं, म्हणून पैसाही होता. घरांसाठी कारण कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांतल्या सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे, पालिकेच्या आळसात किंवा बेफिकिरीत नाही.

हेतू नसलेल्या घराचं काय होतं ते सेजलीच्या हवेलीने लगेच दाखवून दिलं. लेमन हिलला लागूनच असलेलं हे घर लॅट्रोबनेच १७९९ मध्ये विल्यम क्रॅमंडसाठी आखलं होतं. अमेरिकेतलं गॉथिक पुनरुज्जीवन शैलीचं पहिलं घर म्हणून वास्तुकलेच्या इतिहासात त्याचं नाव घेतलं जातं. ज्या माणसाने शहराला पहिलं नळाचं पाणी दिलं त्याने आखलेलं हे घर शहराच्या ताब्यात आलं १८५७ च्या सुमारास, मोडकळीला आलेल्या अवस्थेत. ते पाडलं गेलं. शेजारचं द्वाररक्षकाचं छोटं घर मात्र उभं राहिलं, कारण ते वापरात आणता येत होतं. मोठं आणि महत्त्वाचं ते गेलं, लहान आणि उपयोगी ते टिकलं. कलेच्या इतिहासातल्या थोरवीने एकही वासा वाचवला नाही.

टिकलेल्या घरांत एकोणिसाव्या शतकात कोण राहत होतं हे पाहिलं तर आजच्या वारसाप्रेमींना फारसं रुचणार नाही. लेमन हिलच्या आवारात काही वर्षं बिअरची बाग चालली. स्ट्रॉबेरी मॅन्शन हे नाव तिथे येणाऱ्या सहलकऱ्यांना मिळणाऱ्या स्ट्रॉबेरी आणि सायीवरून पडलं. मूळ घर मात्र विल्यम लुइस या वकिलाचं, ज्याने पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा गुलामी हळूहळू संपवण्याचा कायदा घडवण्यात हात दिला. वुडफर्डमध्ये उद्यानाच्या रखवालदारांचं ठाणं होतं. पश्चिम काठावरच्या बेलमाँटमध्ये उपाहारगृह थाटलं गेलं. १८७६ चं शताब्दी प्रदर्शन याच पश्चिम उद्यानात भरलं आणि त्याला सुमारे एक कोटी भेटी झाल्या, तेव्हा टेकडीवरून शहर पाहत जेवायला बेलमाँटइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. मराठी वाचकाला फिलाडेल्फिया ओळखीचं आहे ते आनंदीबाई जोशींमुळे. त्या १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे आल्या आणि मार्च १८८६ मध्ये पदवी घेतली, तेव्हा नदीकाठच्या या बहुतेक हवेल्या पालिकेच्या मालकीच्या झालेल्या होत्या आणि कुठे गल्ला वाजत होता, कुठे चौकीदार बसला होता.

यावर आक्षेप सरळ आहे: अशा भाडेकरूंनी घरांची नासाडी केली. जेवणघरांनी मूळ खोल्यांत भिंती घातल्या, वरती-बाजूला भर घातली, रंगावर रंग चढवले. ते खरंच आहे, आणि नंतरच्या जीर्णोद्धारात त्यातलं बरंच काढून टाकावं लागलं. पण चूक कुठली हे नीट ओळखायला हवं. उपाहारगृहवाल्याला घर थोड्या मुदतीसाठी मिळालेलं असे. पाच वर्षांत जाणारा माणूस पन्नास वर्षं टिकणारं छप्पर का घालील? तो गल्ल्यापुरती डागडुजी करणार, हे त्याच्या स्वभावात नाही, कराराच्या मुदतीतच लिहिलेलं असतं. आणि तरीही त्याच्या धुराने काळवंडलेल्या, बदललेल्या भिंती विसाव्या शतकापर्यंत पोचल्या. पोटमाळ्यातली मूळ लाकडं, जिन्याचे कठडे, शेकोटीभोवतीचं कोरीवकाम यांतलं पुष्कळ रंगाखाली शाबूत सापडलं. सेजलीचं कोरीवकाम कोणत्याच रंगाखाली नाही.

१९२० च्या दशकात चित्र पालटलं, आणि ते पालटवणारा माणूस स्वतः उद्यानातला रहिवासी होता. फिस्क किंबल हा वास्तुकलेचा इतिहासकार १९२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाचा संचालक झाला. लेमन हिलची डागडुजी करून तो पत्नीसह तिथे राहायला गेला आणि १९५५ पर्यंत, जवळजवळ तीस वर्षं, तिथेच राहिला. माउंट प्लेझंटचा जीर्णोद्धारही त्याच्याच देखरेखीखाली झाला. उद्यानातली जुनी घरं एका माळेत गुंफून लोकांना दाखवावीत ही कल्पना त्याने पुढे रेटली. फ्रँकफर्डमध्ये रेल्वे आणि कारखान्यांनी वेढलेलं सीडर ग्रोव्ह हे घर मालकिणीने देऊ केलं, तेव्हा ते दगड-दगड सोडवून उद्यानात आणून पुन्हा उभं करण्यात आलं. सार्वजनिक बागेतल्या हवेलीत एका माणसाने कुटुंबासह राहणं आज कानाला खटकेल. पण लेमन हिलच्या वळणदार दारांना शंभर वर्षांत मिळालेला सर्वांत जाणकार रहिवासी तोच होता, आणि ते घर आज पाहता येतं त्याचं बरंचसं श्रेय त्याच्या तिथल्या राहण्याला आहे.

किंबलइतकंच, किंबहुना त्याहून टिकाऊ काम स्त्रियांच्या संस्थांनी केलं, आणि त्याची दखल कमी घेतली जाते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या दीडशेव्या वर्षानिमित्त १९२६ मध्ये फिलाडेल्फियात प्रदर्शन भरलं. त्यात जुन्या हाय स्ट्रीटची प्रतिकृती उभी करणाऱ्या स्त्रियांनी प्रदर्शन संपल्यावर ‘कमिटी ऑफ १९२६’ स्थापली आणि स्ट्रॉबेरी मॅन्शन हाती घेतलं. स्वीटब्रायर, लेमन हिल, पुढे १९७० च्या दशकात लॉरेल हिल, यांची सूत्रंही अशाच स्त्रीसंस्थांकडे आली. स्वीटब्रायर सॅम्युअल ब्रेकने १७९७ मध्ये पीतज्वरापासून दूर राहण्यासाठी बांधलं होतं. पेनसिल्व्हेनियात मोफत शाळांचा १८३४ चा कायदा आणण्यात त्याचा मोठा वाटा होता. या संस्थांच्या सदस्य वर्गणी गोळा करत, मेजवान्या भरवत, सामान जमवत, स्वतः पाहुण्यांना घर दाखवत. साधारण वाटणी अशी पडली होती की भिंती आणि छप्पर शहराचं, आतली सजावट आणि दार उघडणं संस्थेचं. भाडं नाममात्र, कधी कधी नाहीच.

या वाटणीचे दोन दोष उशिरा उघडे पडले. पहिला दोष छपराचा. आतली पितळी दिव्यांची रांग रोज पुसणाऱ्या संस्थेला बाहेरच्या गळक्या कौलावर अधिकार नव्हता, आणि ज्या पालिकेला अधिकार होता तिच्या अंदाजपत्रकात ते कौल पोहण्याचे तलाव, खेळाची मैदानं आणि पडलेली झाडं यांच्यानंतर येई. तसं येणं योग्यच होतं. गरीब वस्तीतल्या मुलांचा तलाव बंद ठेवून मॅक्फर्सनच्या कौलावर खर्च करा असं मी कोणत्याही नगरसेवकाला सांगू शकणार नाही. दुसरा दोष कहाणीचा. ज्या संस्था पुढे आल्या त्यांची सदस्यता सुखवस्तू, जुन्या घराण्यांतली होती, आणि त्यांनी घरं सजवली तीही त्याच नजरेने. चांदीची भांडी, महोगनीची टेबलं, मालक-मालकिणीची नावं दिसत राहिली. स्वयंपाकघरात आणि शेतावर कोण राबत होतं ते दिसेनासं झालं. ‘फुकट’ सांभाळणाऱ्या संस्थेच्या आवडीनिवडीचा हिशेब शहराने कधी मागितला नाही, कारण देणाऱ्याला प्रश्न विचारणं अवघड जातं.

वुडफर्ड आणि द क्लिफ्स ही दोन घरं शेजारी ठेवली की भाडेकरू असण्या-नसण्यातला फरक उघड दिसतो. दोन्ही पूर्वेकडच्या उद्यानात. द क्लिफ्स १७५३ चं, जोशुआ फिशर या व्यापाऱ्याचं. वुडफर्ड त्यानंतर तीनेक वर्षांनी विल्यम कोलमन या बेंजामिन फ्रँकलिनच्या मित्राने बांधलेलं. दोन्ही दगडविटांची, जॉर्जियन वळणाची, दोन्ही शहराच्या मालकीची. वुडफर्डच्या वाट्याला एक मृत्युपत्र आलं: नेओमी वूड या स्त्रीने जमवलेलं वसाहतकालीन सामान एखाद्या अस्सल जुन्या घरात मांडून लोकांना दाखवावं अशी तिची इच्छा होती आणि त्यासाठी निधीही होता. विश्वस्तांनी वुडफर्ड निवडलं आणि १९३० मध्ये घर खुलं झालं. द क्लिफ्सला असं कोणी भेटलं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते रिकामं पडलं, तोडफोड झाली, आणि १९८६ च्या आगीत जळालं. आता झाडीत दगडी भिंती तेवढ्या उभ्या आहेत. घराची गुणवत्ता, मालक, उद्यान, कायदा यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. फरक एवढाच की एकाला स्वतःच्या निधीसह आलेला, कायमचा आणि दार उघडायला बांधलेला रहिवासी मिळाला.

द क्लिफ्ससारख्या घटनांनंतर शहराने मार्ग बदलला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फेअरमाउंट पार्क हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. तिचं मुख्य काम हे होतं की उद्यानातल्या रिकाम्या, पडझड झालेल्या वास्तू दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने अशा भाडेकरूंना द्यायच्या जे जीर्णोद्धाराचा भार उचलतील. पश्चिम उद्यानातलं रिजलँड हे घर कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मानसिक आधार देणाऱ्या संस्थेकडे गेलं. सजवलेलं दालन दोरीपलीकडून पाहण्याऐवजी तिथे लोक बसतात, बोलतात, स्वयंपाक शिकतात. हवेलीचा असा वापर आधीही झाला होता: १८०२ चं शॅमुनी मॅन्शन १९६४ पासून युवा वसतिगृह म्हणून चालू आहे. जिथे एका व्यापाऱ्याचं कुटुंब उन्हाळ्यात झोपे तिथे पाठीवर पिशवी घेऊन आलेला विद्यार्थी माफक पैशांत रात्र काढू शकतो. वारसा जपण्याचा हा प्रकार मला संग्रहालयाइतकाच, काही बाबतींत अधिक सच्चा वाटतो, कारण घर इथे घर म्हणूनच वापरलं जातं.

बेलमाँटचं उदाहरण आणखी पुढे जातं. अमेरिकन विमेन्स हेरिटेज सोसायटी ही आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांनी १९८६ मध्ये स्थापन केलेली संस्था. तिने ही हवेली हाती घेतली आणि २००७ मध्ये तिथे दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना गुप्तपणे वाट दाखवणाऱ्या ‘अंडरग्राउंड रेलरोड’ या चळवळीचं संग्रहालय सुरू केलं. म्हणजे जुन्या वाटणीतला कहाणीचा दोष नवीन भाडेकरूने दूर केला. पालिकेने स्वतः संग्रहालय काढलं असतं तर ही कहाणी तिथे आली असती का? आधीची शंभर वर्षं तिने तिथे जेवणघर चालू दिलं होतं, एवढं तर नोंदीत आहे. लग्नकार्यांना जागा भाड्याने देऊन संग्रहालयाचा खर्च भागवला जातो, यावर नाक मुरडणारेही आहेत. शनिवारी संध्याकाळी हिरवळीवर मांडव पडतो आणि फिरायला आलेल्याला वळसा घ्यावा लागतो, ही तक्रार खोटी नाही. तिला उत्तर म्हणून लग्नं बंद करणं गैर ठरेल. वर्षातले किती दिवस, किती वाजेपर्यंत, आवारातला कुठला भाग, आणि उरलेल्या दिवशी दार कोणत्या वेळेत उघडं राहील, हे पट्ट्यात आकड्यांनी लिहायला हवं. ‘वाजवी वेळी जनतेसाठी खुलं’ अशा मोघम वाक्याचा अर्थ दर वर्षी आकसत जातो.

मुदतीचा प्रश्न इथे पुन्हा येतो आणि तो निव्वळ तत्त्वाचा नाही, पैशाचा आहे. अमेरिकी केंद्र सरकार नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतीच्या जीर्णोद्धारावर, ती व्यावसायिक वापरात असेल तर, खर्चाच्या २० टक्के कर-सवलत देतं. भाडेकरूलाही ती मिळू शकते, पण निवासी नसलेल्या इमारतीसाठी त्याच्या पट्ट्याची निदान ३९ वर्षं शिल्लक असायला हवीत. पंधरा वर्षांच्या करारावर कोणी अशी रक्कम घालणार नाही आणि बँकही कर्ज देणार नाही. मेरीलँड राज्याने १९८२ पासून आणखी धीट पाऊल टाकलं. सरकारी उद्यानांतली मोडकळलेली जुनी घरं जीर्णोद्धार स्वतःच्या खर्चाने करणाऱ्याला हयातभर बिनभाड्याने राहायला द्यायची, हयातीनंतर दुरुस्त घर राज्याकडे परत. ‘कवडीमोल भाडं’ हा शब्द ऐकला की लोक चिडतात. चिडण्याआधी मी विचारीन की भाडेकरूने छपरावर, पायावर, तारांवर आणि नळांवर काय घातलं. तो आकडा हेच खरं भाडं. दर वर्षी तो आकडा जाहीर करायचं बंधन नसेल, तर मात्र लोकांचा संशय रास्त आहे.

लांब मुदतीची भीतीही समजण्यासारखी आहे: चाळीस वर्षं म्हणजे दोन पिढ्या, आणि तोवर ‘तात्पुरतं’ हस्तांतर कायमचं होऊन बसेल. या भीतीला कायद्याने सीमा घालता येते हे फिलाडेल्फियातल्याच बरहोम पार्कने दाखवलं. रॉबर्ट रायर्स या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मृत्युपत्राने आपलं घर आणि भोवतालची जमीन शहराला दिली. घरात संग्रहालय आणि वाचनालय, भोवती सार्वजनिक बाग. शेजारच्या फॉक्स चेस कॅन्सर सेंटरला विस्तारासाठी त्या बागेतले सुमारे १९ एकर दीर्घ पट्ट्याने हवे होते आणि शहराचीही संमती होती. कर्करोगाच्या इस्पितळाहून चांगलं कारण शोधून सापडणार नाही. तरीही न्यायालयाने २००८ मध्ये नकार दिला आणि वरच्या न्यायालयाने २००९ मध्ये तो कायम ठेवला: बाग म्हणून लोकांना दिलेली, बाग म्हणून वापरात असलेली जमीन शहर विश्वस्त म्हणून सांभाळतं, मालक म्हणून वाटेल त्याला देऊ शकत नाही. हा निकाल भाडेपट्ट्यांच्या विरोधातला पुरावा म्हणून मांडला जातो. मला तो त्यांच्या बाजूचा वाटतो. झाडाखालची मोकळी जमीन वापरात आहे, तिला भाडेकरू लागत नाही. तिथे इमारत आली की लोकांचं काहीतरी कायमचं जातं. आधीच उभ्या असलेल्या, कुलूप लागलेल्या घराचं उलट आहे. त्याच्या भिंतींच्या बाहेर एक फूटही न सरकता त्याला रहिवासी देता येतो आणि लोकांच्या हाती पूर्वी नव्हतं ते एक उघडं दार येतं. घराची रेघ आणि बागेची रेघ कायद्याने वेगळी ठेवली की लांब मुदतीची निम्मी भीती संपते.

हे सगळं पालिकेनेच का करू नये, हा शेवटचा आणि सगळ्यात प्रामाणिक आक्षेप. करावं, पण निधी देणारा आणि करारावर पहारा ठेवणारा म्हणून. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत १८७२ पासून उभ्या असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा कायापालट असाच झाला. २००३ मध्ये महानगरपालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, मालकी पालिकेचीच राहिली, आणि २००५ मध्ये त्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मालकाने इथे हात झटकले नव्हते. कोणाला काय जमतं ते ओळखून कामं वाटली होती. फेअरमाउंटच्या हवेल्यांपुढे आज जी अडचण आहे तीही याच वाटणीची आहे. शंभर वर्षांपूर्वी पुढे आलेल्या स्त्रीसंस्थांच्या सदस्य आता वयोवृद्ध होत चालल्या आहेत. दुपारी घरं दाखवायला मोकळ्या असणाऱ्या स्त्रियांची ती पिढी पुन्हा येणार नाही, आणि यायला हवी असंही नाही. पार्क कमिशन २०१० मध्ये संपून उद्यानं पालिकेच्या उद्यान व मनोरंजन खात्यात विलीन झाली, म्हणजे कौलांची स्पर्धा आता आणखी मोठ्या यादीशी आहे. जुने करार जिथे संपतील तिथे नवे लिहिताना अमेरिकी केंद्र सरकारने १९८० मध्ये स्वतःच्या ऐतिहासिक इमारतींसाठी केलेली तरतूद उचलण्यासारखी आहे: भाड्यातून आलेला पैसा सर्वसाधारण तिजोरीत न जाता ऐतिहासिक वास्तूंच्या देखभालीसाठीच राखता येतो. बेलमाँटच्या मांडवातून आलेले डॉलर या नियमाने लॉरेल हिलच्या छपरावर खर्च होऊ शकतील, आणि ज्या घराला अजून भाडेकरू मिळालेला नाही त्याच्या पन्हाळ्यातली पानं काढायला निदान एका माणसाचा पगार निघेल.